पेशंटजवळ एकच माणूस

मोबाइल ठेव बे खाली, दिनेश. ठेव म्हनतो ना. त्या उजेडानं मच्छर येतात अन् माह्यं डोकं फिरते.

हां. आता कसं बरं वाटते.

अन् धीरज, तू गाडीची चाबी घेऊन कुठं निंघाला? घरी? झोपाले? वा रे वा! बाप वर वार्डात पडेल हाय, तुरीवर फवारनी करता करता इस अंगात गेलं त्याच्या, अन् हा निंघाला गादीवर झोपाले. काय म्हनतं? सिस्टर हाय ना? सारे लोक हेच म्हनतात बाप्पा. सिस्टर हाय ना, डाक्टर हाय ना, देव हाय ना. मंग तू कायले हाय?

रागावू नको. बस इथं सतरंजीवर. आता जवळ कोन हाय त्याच्या? समीक्षा? तुही बहीन? स्टुलावर बसली हाय ना? मंग हरकत नाही. चहा पे आधी, मंग वर जाऊन तिले झोपू दे अन् तू बस. घरी जाचं नाव काढू नको.

मले बी झोप नाही आज. सुनेचं बाळंतपन झालं काल, नातू झाला. तिकडं बायायच्या वार्डात मानसाले घेत नाहीत, म्हनून मी या लिंबाखाली पडेल हावो. तुमी दोघं दोस्त जागे, मी जागा. एक गोष्ट सांगतो. भुताची म्हना, दुताची म्हना, तुमाले काय म्हनाचं ते म्हना. पन हे कोन्या गावचं आयकेल नाही. अर्धं म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं, अन् अर्धं ज्याच्यावर गुदरलं त्यानं माह्याजवळ बसून सांगतलं. अन् झालं कुठं, तं याच दवाखान्यात. त्याच वरच्या वार्डात.

हसू नको दिनेश. आयक आधी, मंग हास.

आमच्या मालेगावले शालिकराम भाऊ हाय. त्याचा मळा अन् माहा मळा धुऱ्याले धुरा, बांधाले बांध. वांगे, सांबाराच्या जुड्या, मेथी, जे निंघन ते तोडाचं अन् वाशीमच्या बाजारात आनाचं. मानूस कामाचा, पन आडमुठा. बैलानं आयकलं तं आयकलं, हा नाही आयकाचा. त्याची बायको जिजाबाई म्हनते, याच्याशी संसार केला म्हनून मले देव सरळ वर घेईन, चवकशी नाही कराचा.

वैशाखातली अवस होती दुसऱ्या दिवशी. बुधवारची रात. वावरातली लाईन त्या हप्त्यात रातचीच होती, तुमाले ठावं हाय. शालिकराम जेवला अन् मळ्यात गेला. काम काय, तं एवढंच का मोटर चालू कराची अन् वांग्याच्या रोपाले पानी द्याचं. वाफ्यात रोप टाकलं होतं त्यानं, बोटाएवढं झालं होतं. लाईन आली नव्हती म्हनून पोतं टाकून भुईवरच आडवा झाला. डोळा लागला. मांडीले मुंगी चावल्यासारखं झालं, त्यानं खाजवलं अन् कूस बदलली.

मन्यार होती ती. मन्यारीचं तसंच असते. दुखत नाही, सुजत नाही. मानूस म्हनते डास चावला असंन.

घंटाभरानं तो माह्या झोपडीपाशी आला. म्हने, "नानाजी, माह्या पापन्या काहून पडून राह्यल्या?"

पाह्यलं तं खरंच. डोळे उघडाले बोटानं पापनी वर धरून राह्यला. जीभ जड झाली होती. मांडीवर टॉर्च मारला तं दोन बारके टोचे. फटफटी काढली, त्याले मंधात घातलं, घरावरून जाता जाता जिजाबाईले मांगं बसोलं, अन् दुपट्ट्यानं त्याले माह्या पाठीशी बांधून घेतलं. मालेगावहून इथवर त्याचं डोकं माह्या खांद्यावर नुसतं आपटत आलं. निम्म्या रस्त्यापर्यंत तो "हं" म्हने. मंग तेही बंद झालं.

इथं डाक्टरनं पट्टदिशी इंजेक्शनं देली, तोंडातून नळी टाकली. श्वास घेनंच बंद होत चाललं होतं त्याचं. श्वासाची मशीन होती ती दुसऱ्या पेशंटले लागेल. दुसरी मशीन आनाले डाक्टर फोन लावत बसले. तोवर काय? तोवर तो रबरी फुगा असते ना, हातानं दाबाचा, तो. दाबला का हवा आत, सोडला का बाहेर. हात थांबला का मानूस थांबला.

तो फुगा धरला सुचिता सिस्टरनं.

तुमी पाह्यली हाय तिले, चष्मेवाली, ठेंगनी. आज बी तिचीच नाईट हाय. गडचिरोलीकडची हाय, आडनाव हेमला. आवाज असा का तिनं "ओ भाऊ" म्हनलं का चालता पंखा थांबते. लोक म्हनतात लय खेकसते. खेकसते तं खेकसते! जीव लावल्याशिवाय कोनी खेकसत नाही, हे तुमाले बाप झाल्यावर समजंन.

आता पाहा लोकायची अक्कल. शालिकरामचे भाऊबंद आले मांगून गाडी करून. त्यातला एकजन म्हने, अमक्या गावच्या बाबाचा अंगारा लावल्याबिगर मन्यारीचं इस उतरत नाही. झालं! सारे निंघाले अंगारा आनाले. जिजाबाईलेही घेऊन गेले, म्हने बाबा घरच्याच बाईच्या हातात देते. ते बिचारी रडत रडत गेली. मले सिस्टरनं खाली औषध आनाले पाठोलं. अन् खाटेजवळचं स्टूल रिकामं राह्यलं.

सारे म्हनले, सिस्टर हाय ना.

आता इथून पुढचं त्यानं सांगतलं ते सांगतो. शालिकरामचे डोळे मिटेल होते, हात हालत नव्हता, बोट हालत नव्हतं. लोकायले वाटलं हा गेलाच. पन मन्यारीचा मानूस आतून जागा असते. त्याले सारं आयकू येत होतं. डाक्टरनं फोनवर "उमेद कमी हाय" म्हनलेलं त्यानं आयकलं. तुमी ईचार करा रे जरा. आपन जिवंत हावो, अन् सांगता येत नाही.

अन् कानाजवळ ते बाई बोलून राह्यली होती. एकसारखी. फुगा दाबे अन् बोले.

"शालिकराम भाऊ, ऐकताय ना? मला माहीत आहे तुम्ही ऐकताय. काय लावलंय मळ्यात? वांगी? तुमची बायको सांगत होती. पहिला तोडा मला पाहिजे बरं का. देवाच्या आधी मला. मी सोडत नाही, तुम्हीपण सोडायचं नाही. धरा दम."

पुन्हा तेच. वांगे कसे, भरीत आवडते का रस्सा. शालिकराम मले म्हने, "नानाजी, मी त्या बाईच्या बोलन्याले धरून लोंबकळत होतो. विहिरीत पडेल मानूस दोराले लोंबकळते तसा."

दोन वाजले असतीन. वार्ड चूप झाला. पंख्याचा आवाज, फुग्याचा आवाज.

अन् दरवाज्यातून चपला वाजल्या.

चपक... चपक... ओल्या चपला वाजतात तशा. वैशाख होता बाबू. थेंब नव्हता पडला कुठं.

चपला खाटेपाशी आल्या. थांबल्या. स्टूल कुरकुरलं. कोनीतरी बसलं.

त्याले वाटलं, नानाजी आले औषध घेऊन. मी नव्हतो बे. मी खाली दुकानदाराले उठवून राह्यलो होतो.

मंग आवाज आला. म्हाताऱ्या मानसाचा. गोड. शालिकराम म्हने, एवढा गोड आवाज त्यानं जन्मात आयकला नव्हता.

"थकला असशीन, बापू..."

...

"लय झालं. एवढं कोन्यासाठी करतं? सोड आता. चाल, घरी जाऊ."

अन् त्याले खरंच वाटलं, का जावं. मले त्यानं हे सांगतलं तवा खाली मान घालून सांगतलं. छाती दुखत होती, घसा नळीनं सोलला होता. तो आवाज म्हने चाल, अन् याले वाटे, हो, चालतो.

फुगा थांबला.

तुमाले सांगतो, त्याले समजलं फुगा थांबला. एक पळ. हवा नाही. काहीच नाही...

मंग सिस्टरचा आवाज. नेहमीसारखाच खेकसून.

"कोण बसलंय तिथं? वार्डात चपला घालून? बाहेर काढून या आधी!"

फुगा पुन्हा सुरू झाला.

स्टूल कुरकुरलं. चपला निंघाल्या. चपक, चपक, दरवाज्याकडं. शालिकराम म्हने, जे यमाच्या बापाले भेत नसंन ते त्या बाईच्या वराडन्यानं उठलं, नानाजी!

आता तिची हुशारी पाहा. तो चपला काढाले बाहेर गेला तेवढ्यात तिनं पायानं स्टूल कर्रकन वढलं, अन् सोता बसली त्याच्यावर. हातातला फुगा सुरूच.

तो परत आला. आता अनवानी.

पच... पच... पच...

खाटेपाशी आला. उभा राह्यला.

"पेशंटजवळ एकच माणूस," सिस्टर म्हने. "नियम आहे. तो माणूस मी आहे."

...

"बाई, तू बी थकली असशीन..."

"थकले. मग?" ते म्हने. "थकले म्हणून सोडीन वाटलं का तुला? माझा पेशंट आहे हा. वांग्याचा पहिला तोडा द्यायचाय त्याला मला. नीघ."

नीघ म्हने ते! त्याले! अरे आपन पोलीसपाटलाले नीघ म्हनू शकत नाही.

तो लय वेळ उभा होता म्हने. मंग नव्हता.

मी औषध घेऊन वर आलो तं वार्डाच्या दरवाज्याबाहेर चामड्याच्या जुन्या चपला पडेल होत्या. ओल्याचिंब. खाली फरशीवर पानी साचलं होतं. मले वाटलं कोनी पाय धुऊन आलं असंन. मी त्यायच्यावरून पाय टाकून आत गेलो. सकाळी झाडूवालीनं साऱ्या वार्डाले ईचारलं, ह्या चपला कोनाच्या? कोनाच्याच नव्हत्या. तिनं काडीनं उचलून फेकल्या.

मशीन आली सकाळी. तोवर सिस्टरनं फुगा सोडला नाही. मी म्हनलं, द्या सिस्टर, मी दाबतो. मले दाखोलं तिनं कसा दाबाचा, मी घटकाभर दाबला, माह्ये हात भरून आले, अन् तिनं पुन्हा घेतला. दुसऱ्या दिवशी तिचे बोटं असे सुजले होते का चहाचा गिलास धरता येत नव्हता. तिसऱ्या दिवशी शालिकरामनं तिची करंगळी दाबली. एवढीशी. तवा हेच खेकसनारी बाई खिडकीकडं तोंड करून रडली, म्या पाह्यलं. मंग नाक पुसलं अन् मलेच म्हने, "काय बघताय? पेशंटजवळ एकच माणूस!"

बरा झाला तो. घरी जातानी त्यानं ईचारलं, "सिस्टर, त्या रातच्याले कोन आलतं?"

ते म्हने, "रोप लावा वेळेवर. मला भरताची वांगी पाहिजेत."

बस. एवढंच.

चहा थंडा झाला तुहा, धीरज. पे.

तं पोळा आला. इकडं मृगावर लावेल वांगे लागले, काळेभोर, देठापासून चकाकते. आमच्याकडं पहिला तोडा देवाले जाते, कोनी मोडत नाही हा रिवाज. शालिकरामनं टोपलं भरलं अन् निंघाला वाशीमले. जिजाबाई आडवी झाली. म्हने, "देवाच्या आधी? आक्रीत करता का काही?"

हा म्हने, "देवानं फुगा दाबला का?"

अन् मंग हळू आवाजात म्हने, "देवाले मी दुसरा तोडा देईन. देव समजून घेईन. त्याले ठावं हाय त्या रातच्याले कोन जागं होतं."

जिजाबाईनं मंग सोताच टोपल्यावर पुरनपोळ्या बांधून देल्या. बैल पुजून झाले, पोळा फुटला, दिवस बुडाल्यावर तो निंघाला. पोळ्याची अवस, सोमवार. इथं येतो तं दवाखाना सामसूम. सन होता ना. ज्याले सुट्टी भेटली तो घरी, ज्याले नाही भेटली त्याच्याही जवळचे मानसं घरी गेलेले.

त्यानं ईचारलं, सुचिता सिस्टर कुठं हाय? दुसरी सिस्टर होती, धावून राह्यली होती बिचारी इकडून तिकडं. तिनं बोट दाखोलं.

खाटेवर.

तेच खाट. सुचिता सिस्टर तिथं पडेल होती. डेंगू. दोन दिवसापासून अंगात ताप, रक्तातल्या पेशी खाली खाली चालल्या. घरचे गडचिरोलीहून निंघाले होते, पन त्यायले पोहोचाले सकाळ व्हनार. सलाईन लागेल, डोळे मिटेल, ओठ फुटेल.

अन् बाजूले स्टूल. रिकामं.

शालिकराम मले म्हने, "नानाजी, ते स्टूल रिकामं पाह्यलं. इस चढलं तवा नाही एवढा भेलो मी."

त्यानं टोपलं खाटेखाली सारलं. चपला बाहेर काढून आला. स्टुलावर बसला. तिचा हात धरला अन् बोलाले लागला. आता शालिकराम हा बोलनारा मानूस नव्हे. बाजारात भाव सांगतानी बी अर्धा शब्द खाते. पन त्या रातच्याले बोलला.

"सिस्टर, वांगे आनले. भरताचे. आयकून राह्यल्या ना? मले ठावं हाय आयकता तुमी. मी सोडत नाही. तुमीबी सोडाचं नाही. दम धरा."

तेच शब्द. तिचेच तिले वापस.

रात झाली. गावात कुठंतरी डफडं वाजत होतं, तेही थांबलं. ते दुसरी सिस्टर तिकडच्या कोपऱ्यात सुई लावून राह्यली होती.

अन् दरवाज्याबाहेर... चपक. चपक.

थांबलं.

या बारीनं चपला बाहेरच काढल्या त्यानं. नियम समजला होता ना.

शालिकरामनं मान वर केली नाही. म्हने, वर पाह्यलं असतं तं मी उठून पयालो असतो. तो खालीच पाहत राह्यला, फरशीकडं. अन् फरशीवर पायाचे ठसे उमटून राह्यले होते. ओले. एक... मंग दुसरा... मंग तिसरा... जवळ जवळ येऊन राह्यले.

पन बोटं दरवाज्याकडं.

समजलं का? ठसे येत होते खाटेकडं, अन् बोटं होती दरवाज्याकडं. टाच पुढं.

दिनेश, सरक इकडं. अंधारात नको बसू.

ठसे थांबले. त्याच्या पायापाशी.

"थकला असशीन, बापू..."

तोच आवाज. गोड. जशी माय.

"सनाचा दिवस... लेकरं वाट पाहत असतीन. तू जा घरी. मी बसतो हिच्याजवळ."

...

शालिकरामनं तिचा हात आनखी घट्ट धरला.

"ऊठ. मी बसतो."

अन् सिस्टरचा हात त्याच्या हातात थंडा पडत चालला...

मंग त्याचं टाळकं सटकलं. तुमाले सांगतलं ना, आडमुठा हाय. भेव कुठवर धराचं मानसानं? त्यानं स्टुलाचे दोन्ही पाय आपल्या पायानं आवळले, अन् बोलला.

"पेशंटजवळ एकच मानूस. तो मानूस मी हाय."

...

"थकला..."

"नाही थकलो! या बाईनं रातभर फुगा दाबला माह्यासाठी, बोटं सुजले तिचे. मी नुसता बसेल हावो. बसून कोनी थकते का बे? तू गोड बोलतं, ते खेकसते. तुया गोड बोलन्यानं मी मरत होतो अन् तिच्या खेकसन्यानं जगलो. माहा जीव माहा नव्हेच आता, तो तिनं दाबून दाबून आत भरेल हाय. तो घेऊन मी इथं बसलो. उठव मले. उठव ना, हाय का ताकत?"

पूर्ण वार्ड जागा झाला म्हने. दुसरी सिस्टर धावत आली. तिले वाटलं भाऊले झटका आला.

तो ओल्या पायाचा उभाच होता. ठसे वाळले नाहीत रातभर. शालिकराम उठला नाही. पान्याले नाही, लघवीले नाही. त्याचं एकच सुरू, सोडत नाही सिस्टर, सोडत नाही. बाहेर पहिल्या एस्टीचा हॉर्न वाजला तवा त्यानं खाली पाह्यलं तं फरशी कोरडी.

अन् तिचा हात कोमट झाला होता. घाम फुटला होता तिले. ताप उतरला. डोळे उघडले तिनं, चष्मा नव्हता म्हनून बारीक करून पाह्यलं, अन् काय म्हने?

"वांगी आणली का?"

रडला तो. मले सांगतानी बी रडला, पन्नाशीचा मानूस. म्हने, नानाजी, उपकार फेडला म्हनू नका, ते फिटत नसते. मी फक्त माह्यी जागा सोडली नाही.

अन् दरवाज्याबाहेर चपला. त्याच. चामड्याच्या, ओल्या. पयाला तं टाकूनच पयाला.

तवापासून सुचिता सिस्टर हर पेशंटच्या मानसाले म्हनते, स्टूल रिकामं ठेवू नका. लोकायले वाटते, हे तिचं नेहमीचं खेकसनं. तुमाले सांगतलं तरी नसंन तिनं काहून ते. म्हनून म्या सांगतलं. समजलं का धीरज? चाबी ठेव खिशात. बापाले उद्या सकाळी मशीनवरून काढनार हायत ना? आजचीच रात कठीन हाय. आजची रात...

कोन आलं? कोन हाय तिकडं?

समीक्षा व्हय? ये माय, ये. बस. चहा हाय घोटभर...

...

थांब.

धीरज इथं. तू इथं. मंग वर बापाजवळ कोन हाय?

...

आजोबा? कोन्ते आजोबा?

...

रडू नको. तुले जसं म्हनले तसं मले सांग. त्यायचेच शब्द सांग.

...

"थकली असशीन, बाई. जा, खाली भावापाशी. मी बसतो."

धीरज! पय! अरे पाहत काय राह्यला, पय वर! स्टूल घे! पाह्यलं तं पाह्यलं, भेला तं भेला, पन स्टूल घे त्याच्या बुडाखालून! पय!

दिनेश, हात दे मले. हे गुडघे... चाल, चाल. समीक्षा, तुही चूक नाही माय. ते गोडच बोलते. सख्ख्यापेक्षा गोड बोलते. धर पायरी.

थांबा जरा. दम लागला... आयका.

धीरजचा आवाज व्हय.

"ऊठ तिथून! पेशंटजवळ एकच मानूस! तो मी हाय! मी हाय, मी! तो माहा बाप हाय!"

शाबास रे पठ्ठ्या! मोठ्यानं बोल! वार्ड जागा झाला तं होऊ दे!

...अन् हे कोन? सुचिता सिस्टर. "बस त्याच्यावर. हात धर वडिलांचा. बोल त्यांच्याशी, थांबू नको." आयकलं? आली ते. आली.

...

खोकलला. कोन खोकललं? समीक्षा, तुहा बापच व्हय ना? जा माय, दरवाज्यातून पाह्य फक्त. आत जाऊ नको, एकच मानूस. ...हालून राह्यले हात? हालून राह्यले ना? हुश्श. माह्या जिवात जीव आला.

दिनेश. पाय नको ठेवू तिथं.

मांगं सरक. टॉर्च मार खाली. त्या नव्हे, त्या रबरी धीरजच्या. ह्या सिस्टरच्या. त्या... कोपऱ्यातल्या. चामड्याच्या.

ओल्या हायत का? कार्तिक हाय बाबू, दसऱ्यापासून थेंब नाही पडला. हात नको लावू. वाकून पाह्य फक्त. घामानं काळा वन पडते ना चपलीत पायाचा, तो पाह्य. माह्ये डोळे चांगले नाहीत, मले दिसत नाही.

बोटं कुकडं हायत? चपलीच्या अंगठ्याकडं का टाचेकडं?

...

टाचेकडं म्हनतं, दिनेश?